पोराला भाजलं की आईचंच लक्ष नसतं का?

उद्यमनगरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहायला बसलोय कारण एक गोष्ट डोक्यातनं जाईना झालीय.

आमच्याकडं धुण्याभांड्याला ज्या मावशी येतात त्यांच्या लेकीचं पोरगं, दोन वर्षांचं, गेल्या महिन्यात कढत पाण्याच्या बादलीत बसलं. म्हणजे अक्षरशः बसलं. तिनं बंबाचं पाणी बादलीत काढलेलं, पोराला आंघोळ घालायची म्हणून. विसण घालायला गार पाणी घरात नव्हतं, कारण घरात नळच नाही, गल्लीतल्या नळाला सकाळी तासभर पाणी येतं ते दारात बॅरलमध्ये भरून ठेवतात. ती तांब्या घेऊन विसण आणायला दाराबाहेर गेली. चार पावलं. पोरगं उघडंच होतं, आईकडं बघत बघत मागं सरकलं, बादलीच्या काठाला टेकलं आणि आत गेलं. शेजारणीनं टूथपेस्टची अख्खी ट्यूब चोपडली, मग रिक्षा, मग दवाखाना, १९ दिवस.

त्या १९ दिवसांत त्या पोरीला किती जणांनी विचारलं असेल, "तुझं लक्ष कुठं होतं गं?" सासूनं विचारलं, दवाखान्यात विचारलं, गल्लीनं विचारलं. खोटं कशाला बोलू, मावशींनी सांगितल्यावर माझ्याबी तोंडात तेच आलं.

आता दुसरी गोष्ट. त्याच्या आठच दिवस आधी आमच्या पोरीनं टीपॉयवरचा चहा स्वतःच्या हातावर ओढून घेतला. बायको ऑफिसला गेलेली, घरात मी होतो, आणि मी मोबाईलवर मॅच बघत होतो. नळाखाली हात धरला, बायकोला फोन लावला, ती म्हणाली काढू नको, तसाच धर. धरला. दुसऱ्या दिवशी नुसता लाल डाग. माझं लक्ष कुठं होतं हे मला आजतागायत कुणी विचारलेलं नाही.

ती विसण आणायला गेलेली आणि मी मॅच बघत होतो. म्हणून विचारतोय, घरची परिस्थिती आणि पोरांच्या इजा यांचा काय हिशेब असतो का, का मी उगाच जास्त विचार करायलोय?

निवृत्त_मास्तर

पूर्वी घरात आजी असायची, आत्या असायची, एक पोर चार हातांत फिरायचं. आम्ही विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो, आंब्यावरनं पडलो, एरंडाचा पाला बांधला आणि बरे झालो. हल्लीच्या आयांना मोबाईलमधून सवड नाही हे कटू असलं तरी सत्य आहे. धागाकर्त्यांनी स्वतःच कबूल केलंय की.

उद्यमनगरी

सर, मोबाईल माझ्या हातात होता. आयांच्या नाही.

वॉर्डातली_ताई

मी भाजलेल्यांच्या वॉर्डात १४ वर्षं काम करतो. त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

लहान पोरं जाळानं कमी भाजतात, कढत पाण्यानं, आमटीनं, चहानं, दुधानं जास्त. वेळ ठरलेली, सकाळी आंघोळी-डबे चालू असताना आणि सांजच्याला स्वैपाकाच्या टायमाला. एका खोलीचं घर असलं की चूल किंवा शेगडी जमिनीवर, तिथंच भाजी चिरायची, तिथंच पोराचा पाळणा, तिथंच नवऱ्याचा जेवणाचा पाट. ओटा असलेल्या घरात पातेलं पोराच्या डोक्यावर असतं, इथं ते त्याच्या गुडघ्याला असतं. पोरगं तेवढंच चपळ, आई तेवढीच दमलेली, फरक अडीच फुटांचा.

दुसरं, पाण्याचं. मी मागं एका वस्तीत माहिती सांगायला गेलो होतो. नेहमीसारखं सांगितलं, भाजलं की हळद नको, शाई नको, टूथपेस्ट नको, बर्फबी नको, २० मिनिटं वाहत्या नळाखाली धरा. मागनं एक बाई म्हणाली, "ताई, वीस मिनिटं नळ कुणाकडं असतोय?" मला उत्तरच सुचलं नाही. १४ वर्षं पाठ केलेलं वाक्य आणि ते अर्ध्या वस्तीला लागूच होत नाही.

तेव्हापासून मी असं सांगतो: बॅरलमधलं स्वच्छ गार पाणी तांब्यानं ओतत राहा, थांबू नका, २० मिनिटं. बाकीचं अंग पांघरुणात ठेवा, लहान पोर गारठतं. लगेच जमलं नाही तरी तीन तासांच्या आत ओतलं तरी उपयोग होतो. मग स्वच्छ धुतलेलं फडकं झाकून दवाखाना. आणि आंघोळीच्या बादलीत आधी गार, मग ऊन. उलटं कधी करायचं नाही.

टूथपेस्टवरनं त्या शेजारणीला नावं ठेवू नका. जे हाताशी होतं ते तिनं लावलं.

पुणेरी_प्रवासी

फार उपयुक्त प्रतिसाद. एक बाळबोध शंका, नाव 'ताई' आणि लिहिलंय 'मी गेलो होतो, मी सांगतो'? आयडी दोघांत आहे का?

वॉर्डातली_ताई

कोल्हापूरची बाई हाय. आम्ही आलो-गेलोच म्हणतो. पुढं बोला.

स्टॉकहोमचा_पाव्हणा

उद्यमनगरी, तुम्ही जास्त विचार करत नाही आहात, हा विषय लोकांनी बक्कळ मोजलेला आहे. मी मूळचा शिवाजी पेठेतला, सध्या स्वीडनमध्ये सार्वजनिक आरोग्यात काम करतोय म्हणून थोडं माहितीय.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं २००८ साली पोरांच्या इजांवर एक जाडजूड अहवाल काढला. त्यात हिशेब होता की अपघाती इजांनी वर्षाला साधारण ८ लाख ३० हजार पोरं जातात, म्हणजे रोज दोन हजारांच्या वर, आणि त्यातली ९५ टक्क्यांहून जास्त गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. हे झालं देशादेशातलं. पण एकाच श्रीमंत देशाच्या आतबी हीच गत आहे. इंग्लंड-वेल्समधले २००१ ते २००३ चे मृत्यू तपासून २००६ साली एक अभ्यास छापून आला. आईबाप बऱ्याच काळापासून बेकार किंवा कधीच कामाला न लागलेले अशा घरातल्या पोरांचं इजांनी मरण्याचं प्रमाण वरच्या हुद्द्याच्या घरांपेक्षा १३ पट निघालं. पायी चालताना गाडीखाली येणं २० पट, सायकलवर २७ पट, आणि घराला आग लागून मरणं जवळपास ३८ पट. मोफत सरकारी दवाखाने असलेल्या देशात, बरं का.

आणि इथं स्वीडनमध्ये १९५० च्या दशकापासून पोरांच्या सुरक्षेवर काम चाललंय, पोरं इजांनी दगावायचं प्रमाण जगात सगळ्यात कमी असलेल्या देशांत यांचं नाव येतं. तरी गरीब-श्रीमंत दरी इथंबी पुरती बुजलेली नाही.

एक गंमत म्हणजे २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलनं त्यांच्या पानांवर 'अपघात' हा शब्दच नको म्हणून जाहीर केलं. अपघात म्हटलं की वाटतं नशिबात होतं, टाळता आलं नसतं. म्हणून ते 'इजा' म्हणतात. आपल्याकडं तर पुढची पायरी आहे, आपण 'भोग' म्हणतो.

गणिती_भाऊ

आकडे ठीक, पण सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. गरीब घरात शिक्षण कमी, दारू जास्त, पोरं जास्त, जबाबदारीची जाणीव कमी. म्हणजे फिरून तेच की, आईबापांचं लक्ष. फक्त गोड शब्दांत सांगायलाय तुम्ही. प्रत्येक गोष्ट परिस्थितीवर ढकलली की माणसानं काही करायलाच नको.

राजारामपुरी_७वी_गल्ली

भाऊ, जबाबदारीची जाणीव बघायची असेल तर आमच्या गल्लीत संध्याकाळी क्लास सुटायच्या टायमाला ये. नववीतली पोरं मोपेडवर ट्रिपलसीट, डोक्यावर हेल्मेट न्हाई, आणि गाडी बापानंच दिलेली, दहावीला ९० टक्के आणलेस तर बुलेट देतो म्हणून. २०१९ पासून कायद्यात आहे, अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. कितीजण आत गेलेले बघितलेस? पोरगं पडलं की सगळे म्हणतात, वय आहे ओ, चालायचंच. बंगल्यातलं पोरगं पडलं तर वय, झोपडीतलं पडलं तर आई.

स्टॉकहोमचा_पाव्हणा

राजारामपुरीकरांचा मुद्दा पटला, आणि त्यात एक बारकावाबी आहे. सगळ्याच इजा गरिबीकडं झुकत नाहीत. खेळताना हात मोडणं, स्केटिंग, सायकलिंग, असल्या किरकोळ-मध्यम इजांत फरक कमी दिसतो, कधी उलटाबी दिसतो, कारण ज्याच्याकडं स्केट आहेत तोच स्केटवरनं पडणार. फरक खरा भेसूर होतो तो मरणात आणि भाजण्या-बुडण्यासारख्या मोठ्या इजांत. आणि नुसतं दवाखान्याचं रजिस्टर बघितलं तर फसायला होतं, दोन टाक्यांसाठी स्पेशालिस्टकडं जाणारा नोंदला जातो, आणि हाडवैद्याकडं पट्टी बांधून घरी गेलेला कुठंच नोंदला जात नाही.

गणिती_भाऊ, तुमची शंका रास्त आहे, खोडून काढायची तर परिस्थितीतली एकच वस्तू बदलून बघायला पाहिजे. तसं झालंय. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या सुमारास गरीब वस्त्यांतल्या उंच जुन्या इमारतींच्या खिडक्यांतनं लहान पोरं खाली पडायची. तेव्हाबी लोक म्हणायचे आयांचं लक्ष नाही. १९७२ मध्ये तिथल्या आरोग्य खात्यानं मोहीम काढली, घरोघर जाऊन सांगितलं आणि ज्या घरात लहान पोर आहे त्यांना खिडकीला लावायच्या जाळ्या फुकट दिल्या. ब्रॉन्क्स भागात दोन वर्षांत पडण्याच्या घटना निम्म्यावर आल्या. मग १९७६ पासून १० वर्षं किंवा त्याखालचं पोर राहतं त्या घराला जाळी लावणं घरमालकावर बंधनकारक झालं. आया त्याच, पगार तोच, शिक्षण तेच, पोरंबी तेवढीच. बदलली फक्त खिडकी.

घर*मालकावर* हे नीट वाचा. भाडेकरूवर नाही.

गणिती_भाऊ

हे उदाहरण माहीत नव्हतं. विचार करतो. दारूचा मुद्दा मात्र सोडणार नाही.

वॉर्डातली_ताई

सोडू नकोस. दारू हाय, मी रोज बघतो. पण दारू बापाची आणि प्रश्न आईला, हे तेवढं ध्यानात ठेव.

कोयता_ते_कीबोर्ड

मी मराठवाड्यातला, बीडकडचा. आता कोल्हापुरात नोकरीला आहे, पण माझं लहानपण याच जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या फडांत गेलंय. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, दिवाळीच्या आसपास यायचं ते मार्च-एप्रिलपर्यंत कोपीत राहायचं. पाचटाची कोपी, दार म्हणजे पोत्याचा पडदा.

माझी आई रात्री तीनला उठून भाकरी थापायची, कोपीच्या तोंडाशी तीन दगडांची चूल. उजाडायच्या आत फडात. मी सात वर्षांचा आणि बहीण दीड वर्षाची, तिला सांभाळायचं काम माझं. सांभाळायचं म्हणजे काय तर ती बैलांच्या पायात जाऊ नये, चुलीच्या राखेत हात घालू नये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली सावलीला झोपू नये. ट्रॉलीखालची सावली ही फडातली एकमेव सावली असते हे ज्याने फड बघितलाय त्याला कळेल. मी सात वर्षांचा होतो. मला बी खेळायचं असायचं.

एकदा ती राखेत बसली. वरनं विझलेली दिसते पण आत इंगळ असतो. तिच्या डाव्या पायाची दोन बोटं चिकटलेली आहेत अजून. तिच्या लग्नाच्या टायमाला पाहुण्यांनी विचारलं हे काय, तर आई म्हणाली जन्मतःच आहे. मला वाचवायला म्हणाली का स्वतःला, मी कधी विचारलं नाही.

निवृत्त_मास्तर, आमच्याकडं पण आजी होती. ती गावाकडं होती, कारण घर आणि म्हस कुणीतरी बघायला पाहिजे होती.

निवृत्त_मास्तर

वाचलं. माझा पहिला प्रतिसाद घाईत लिहिला गेला.

रंकाळ्याची_हवा

कोयता यांचा प्रतिसाद वाचून मघापासनं गप्प बसलोय. आमच्या शेतात टोळी येते दरवर्षी, त्यांची बारकी पोरं बांधावर फिरत असतात आणि शेजाऱ्याचं शेततळं पन्नास फुटांवर. त्या तळ्याला प्लास्टिकचा कागद असतो, शेवाळ धरतं, मोठा माणूस पडला तरी हाताला धरायला काय मिळत नाही, लहानग्याचं काय. कुंपण घालायचं म्हटलं की तो म्हणतोय माझ्या घरची पोरं कुठं हितं येत्यात.

स्टॉकहोमचा_पाव्हणा

बुडण्यावर शेजारच्या देशातलं उदाहरण देतो, युरोपातलं नको. बांगलादेशात घराघरासमोर तळं. तिथं दिसून आलं की पाच वर्षांच्या आतली पोरं बहुतेक सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान बुडतात, घरापासून हाकेच्या अंतरावर, आई कामात असताना. मग गावोगाव नेमक्या त्या चार तासांची पाळणाघरं काढली, 'आँचल' म्हणतात, गावातलीच एक बाई आणि मदतीला एक, वीसपंचवीस पोरं. त्या पोरांत बुडून मरणं ८० टक्क्यांहून जास्त घटलं. कुणी आयांना भाषण दिलं नाही की लक्ष ठेवा. ते चार तास लक्ष ठेवणारं दुसरं माणूस दिलं.

इचलकरंजीचा_धोटा

आमच्याकडं खाली चार माग आणि वर घर. खडखडाटात पोरगं रडलेलं ऐकूच येत नाही, लक्ष असून काय करणार. माझ्या चुलतभावाचं बोट पट्ट्यात गेलंय, तेव्हा तो चार वर्षांचा होता. जास्त काय लिहीत नाही.

हिशेबनीस_वहिनी

पाळणाघराचं निघालंच आहे तर कायदा सांगते, मी कंपनीत एचआरला आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ४८ होतं, ३० पेक्षा जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर पाहिजे; २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं. रोजगार हमीच्या कामावर सुद्धा सहा वर्षांखालची पाच पोरं आली तर त्यांना सांभाळायला एक बाई लावायची असं २००५ च्या कायद्यातच लिहिलेलं. आता बघा यात कोण बसतं. धुणंभांडी करणारी मावशी कुठल्या आस्थापनेत येते? चार घरांच्या. कोयता यांची आई कारखान्याच्या ऊसासाठी राबली पण कारखान्याच्या हजेरीपटावर नव्हती, ती मुकादमाची. ज्या बाईला पाळणाघर सगळ्यात जास्त पाहिजे, नेमकी तीच कलमांच्या मधनं खाली पडते.

अंगणवाडी आहे, १९७५ पासून आहे, पण ती तीन वर्षांच्या पुढच्यांना बसवून घेणार, आणि तीही काही तास. दोन वर्षांचं पोरगं खाऊचं पाकीट घेऊन घरी. काही अंगणवाड्यांना आता पाळणाघर जोडायला लागलेत पण गल्लीगल्लीत पोचायला वेळ आहे. शाळकरी पोरांना अपघात झाला तर राज्य सरकारची सानुग्रह अनुदान योजना आहे, पहिली ते बारावीसाठी. दोन वर्षांचं पोर त्यातबी नाही.

गणिती_भाऊ

मग दोन वर्षांच्या पोराचं करायचं काय ते तरी सांगा कुणीतरी. तीन पानं झाली धाग्याची.

उद्यमनगरी

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. काल रविवारी मी आणि बायको त्या पोराला बघायला गेलो. जखम भरलीय, एका मांडीला कातडं ओढल्यासारखं झालंय, चालताना जरा फेंगडं चालतंय, डॉक्टर म्हणतात मालिश आणि व्यायाम चालू ठेवा. ताई, तुमचं 'आधी गार, मग ऊन' ऐकून मी मोठ्या शहाणपणानं झाकणाची एक नवीन बादली घेऊन गेलो होतो, म्हटलं गार पाणी आदल्या रात्रीच भरून घरात ठेवता येईल.

त्या पोरीनं बादली घेतली, चहा टाकला, पोराला माझ्या बायकोच्या मांडीवर दिलं मगच शेगडी पेटवली. शेगडी जमिनीवरच. मी बघत होतो, दहा बाय दहाच्या खोलीत बादली ठेवायला जागाच नव्हती, शेवटी तिनं ती पालथी घालून त्यावर पिठाचा डबा ठेवला. आणि म्हणाली, "दादा, बादल्या हायत ओ. नळाचं बघा की काय हुतंय का."

गेले सहा महिने ती माणसं घरात नळ घ्यायच्या मागं आहेत. गल्लीत पाइपलाइन आहे, समोरच्या तीन घरांत नळ आहे. यांच्या अर्जाला मालकाची सही पाहिजे आणि मालक सही देईना, म्हणतोय नळ घेतला की भाडेकरू कायमचे चिकटतात.

राजारामपुरी_७वी_गल्ली

घरफाळा कुणाच्या नावावर हाय?

उद्यमनगरी

मालकाच्याच. तो असतोय पुण्याला. वर्षातनं एकदा येतोय, जोतिबाच्या यात्रेला.

हिशेबनीस_वहिनी

भाडेपावत्या आहेत का त्यांच्याकडे? का तोंडीच चाललंय?

उद्यमनगरी

मावशींनी वहीत लिहून ठेवलंय, दर महिन्याला, मालकाच्या माणसाची सही घेऊन. ११ वर्षांचं.

राजारामपुरी_७वी_गल्ली

बास की मग. मालकाचा नंबर व्यक्तिगत संदेशात टाक, मी आधी गोडीत बोलतो. वही मात्र झेरॉक्स करून ठेव. आजच.

पुणेरी_प्रवासी

पुण्यात कुठे राहतात ते? मीही जाऊन भेटू शकतो.

उद्यमनगरी

दोघांनाही नंबर पाठवला. झेरॉक्सला मावशींना घेऊनच चाललोय, वही कुणाच्या हातात द्यायला तयार नाहीत त्या.